केकचा क्लास घ्यायचाय? आधी वही उघडा
(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

हातातलं काम चालू राहू द्या, पण जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा. आज थोडी आकडेमोड आहे.

आता खेड्यातही वाढदिवस म्हटलं की केक लागतो. १ जूनचं तर विचारूच नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जूनच लावून दिली. त्यामुळे त्या दिवशी निम्म्या गावाचा वाढदिवस! मी घरून केक करून द्यायला लागले, तशा गटातल्या बाया म्हणाल्या, "ताई, आम्हालाही शिकवा की." म्हणून मी क्लास काढला.

फी ठेवली २५० रुपये. जास्त मागायची लाज वाटली. दहा जणी आल्या. अडीच हजार हातात पडले म्हणून मी खूश. तिसऱ्या दिवशी रात्री भांडी घासून झाल्यावर हिशोबाला बसले, तर उलट घरातलेच पैसे गेलेले. एकीला लागणारं सामानच २५० च्या वर जात होतं. म्हणजे जितक्या बाया जास्त, तितका खड्डा मोठा! हे मला क्लास संपल्यावर कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून आज बोलतेय.

चला, एक उदाहरण मांडू. तीन दिवसांचा क्लास, रोज तीन तास, सहा जणी. भाव मी धरलेत, तुम्ही तुमच्या दुकानातले विचारून घाला.

पहिला खर्च माणशी वाढणारा. प्रत्येक जण अर्ध्या किलोचे दोन केक करणार. एका केकला प्रीमिक्स ४५ रुपये, तेल १०, क्रीम ४५, रंग-इसेन्स-साखरपाणी १५, पुठ्ठा आणि खोका २५, गॅस-वीज १०. झाले १५०. दोन केकचे ३००. तीन दिवसांचा चहा ३० आणि कृतीचा छापील कागद १०. एकीचे ३४० रुपये. सहा जणींचे २,०४०.

दुसरा खर्च असा, की दोघी येवोत नाहीतर सहा, तो होतोच. तुम्ही करून दाखवायचे दोन केक ३००. सरावाचं सामान २००. सामान आणायची एक खेप १००. आणि एक लिटर क्रीम वाया जाणार, त्याचे २२०. हो, जाणारच. क्रीम जास्त फेटलं गेलं की त्याच्या कण्या होतात आणि ते केकवर नीट बसत नाही. शिकणारीचा हात चुकायचाच, त्यासाठीच ती आलीय. ती चूक आधीच हिशोबात धरा, म्हणजे तिच्यावर ओरडावं लागत नाही.

मग अवजारं. बीटर, तीन टर्नटेबल, नोझल, पायपिंग बॅगा, सुऱ्या मिळून ३,६०० रुपये धरू. बारा क्लास चालली, तर एका क्लासवर ३०० पडले.

आता सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. आपली मजुरी. शिकवायचे नऊ तास. स्पंज भाजायचे, सामान मांडायचं, आवरायचं, आणखी नऊ तास. अठरा तासांचे, तासाला ५० रुपयांनी, ९००. घरात म्हणतील, "घरचीच बाई, तिला कसली मजुरी?" पण बायांनो, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलो तर संध्याकाळी रोज मागतोच ना? मग इथं का नाही?

हा दुसरा खर्च झाला २,०२०. दोन्ही मिळून ४,०६०. सहा जणींत वाटले की माणशी ६७७ रुपये.

तुम्ही म्हणाल, चला, ७०० फी ठेवू. इथंच फसायला होतं. सहा जणी नाव देतात, पण कुणाची सासू आजारी पडते, कुणाच्या रानात कांदा काढायला येतो. येतात चौघी. ७०० प्रमाणे २,८०० मिळाले. खर्च मात्र ३,३८०. तूट ५८० ची. ती भरून निघते तुमच्या मजुरीतून. उरले ३२०. अठरा तासांचे ३२०, म्हणजे तासाला १८ रुपयेसुद्धा नाहीत.

म्हणून फी सहा जणींवर ठरवू नका, चौघींवर ठरवा. ९०० ठेवली, तर चौघी आल्या तरी मजुरी निघून २२० उरतात. सहा आल्या तर मजुरी वेगळी आणि वर १,३४०. नाव नोंदवताना ३०० रुपये आगाऊ घ्या. क्रीम आधी आणावं लागतं, आणि पैसे दिलेली बाई सहसा चुकवत नाही.

एखादीकडे ९०० नसतात. तिला फुकट शिकवू नका, हप्ते द्या. नाहीतर अर्धी फी कामात फेडू द्या, म्हणजे स्पंज भाजायला आणि आवरायला मदत. बचत गटाचं अंतर्गत कर्जही यासाठीच असतं.

खर्च कुठं वाचतो, तेही सांगते. नोझलनं फुलं काढायचा सराव खऱ्या क्रीमवर करायची गरज नाही. वनस्पती तूप आणि आइसिंग शुगर एकत्र फेटा. स्टीलचा डबा पालथा घालून त्यावर फुलं काढायची, खरवडायची, पुन्हा बॅगेत भरायची. पहिला सगळा दिवस असाच घालवा. ते खायचं मात्र नाही. टर्नटेबल दोघींत एक पुरतं.

क्रीमच्या बाबतीत हयगय नको. गोठवलेला खोका आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवायचा. एकदा सुटलेलं क्रीम पुन्हा गोठवायचं नाही. फेटताना भांड्याखाली बर्फ ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी क्लास घेतला तर फुलं डोळ्यांदेखत ओघळतात. सकाळी सातला सुरू करा. लाइट कधी जाते, ते बघून दिवस ठरवा.

आता पदरात काय पडतं? एका क्लासमध्ये खूप पैसा नाही, हे खरं. पण क्लासमुळे सामान जास्त आणावं लागतं, ते होलसेल भावानं मिळतं, आणि आपल्या ऑर्डरचाही खर्च उतरतो. शिकलेल्या बाया पुठ्ठे-खोके माझ्याकडूनच नेतात. ३१ डिसेंबरला एकटीला न झेपणाऱ्या ऑर्डरी त्यांच्याकडे देता येतात. आणि पूर्वी ज्या घरात मला 'अमक्याची सून' म्हणायचे, तिथं आता 'केकवाल्या मॅडम' म्हणतात. त्याची किंमत वहीत मांडता येत नाही.

एक दुखणंही सांगते. माझ्याकडे शिकलेली, माझ्याच गल्लीतली बाई केक विकायला लागली. माझ्यापेक्षा ५० रुपये कमी. माझी चार गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. मग एक दिवस तीच आली आणि म्हणाली, "ताई, इतके केक करते, पण हातात काहीच का राहत नाही?" तिची वही बघितली. त्यात गॅस नव्हता, खोका नव्हता, मजुरी तर नव्हतीच. मला आधी राग आला, मग लाज वाटली. फुलं काढायला मी शिकवलं होतं, हिशोब शिकवलाच नव्हता. तिनं मला पाडायला भाव कमी केला नव्हता. तिला तिचा खर्चच माहीत नव्हता.

तेव्हापासून तिसऱ्या दिवशीचा शेवटचा तास वहीचा असतो. प्रत्येकीनं आपल्या केकची किंमत स्वतः काढायची, मगच घरी जायचं. आता आम्हा दोघींचा भाव जवळपास सारखा आहे. ती चॉकलेटचे केक चांगले करते, मी फुलांचे. गिऱ्हाईक दोघींना आहे.

त्याच तासाला आणखी एक गोष्ट सांगते. घरून केक विकायचा असला तरी अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. छोट्या उद्योगाची ती ऑनलाइन होते. शिकणारीला हे माहीत हवं.

तर सख्यांनो, क्लास जरूर काढा. पण पहिली जाहिरात करायच्या आधी एक संध्याकाळ वहीसाठी द्या. माणशी खर्च एका पानावर, ठरलेला खर्च दुसऱ्या पानावर, आणि मजुरी मोठ्या अक्षरात. पुढच्या गटाच्या बैठकीत ती वही मैत्रिणींना वाचून दाखवा. काय सुटलंय ते त्या बरोबर सांगतील.