अरण्यज्वराची चतुःसीमा

जमिनीच्या मोजणीसाठी अरण्यात गेलेल्या मनुष्याने आपल्या रक्तातून एका अज्ञात मुलखाचा दाखला घेऊन परत यावे, असा प्रसंग १९६५ साली खरोखरच घडला. मलेशियाच्या पहांग राज्यात बुकित केर्ताऊच्या परिसरात एका अमेरिकी मोजणीदाराने काही दिवस मुक्काम केला होता. रात्री जंगलात काम करावे आणि दिवसा छावणीत झोप घ्यावी, असा त्याचा तेथील क्रम होता. परतीच्या वाटेवरच त्याला थंडी वाजून ताप भरू लागला आणि मायदेशी त्याच्या रक्ताची तपासणी झाली. तपासणाऱ्यांनी प्रथम ‘प्लास्मोडियम फाल्सिपेरम’ असा निर्णय दिला, मग तो बदलून ‘प्लास्मोडियम मलेरिई’ असे नाव रुजू केले. परंतु तेच रक्त ऱ्हीसस जातीच्या लालतोंड्या माकडांना टोचल्यावर जेव्हा ती माकडे दगावली, तेव्हा हे दोन्ही निर्णय फिरवावे लागले. कारण त्या रक्तात होता तो माणसाचा परजीवी नसून माकडाचा, ‘प्लास्मोडियम नोलेसी’ होता. माकडाचा हिवताप डासाच्या दंशाने, कोणत्याही प्रयोगशाळेच्या मध्यस्थीवाचून, माणसाला होऊ शकतो याचा हा पहिला निर्विवाद पुरावा होय.

हा परजीवी मात्र १९६५ साली नवा नव्हता. त्याचे जातक कलकत्त्यास मांडले गेले होते. तेथील उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनसंस्थेत १९३१ साली नेपियर व कॅम्बेल हे काळ्या आजाराच्या अभ्यासासाठी माकडे बाळगीत असत. सिंगापूरहून आणलेल्या एका लांबशेपट्या माकडाच्या रक्तात त्यांना हे अपरिचित जीव दिसले. पुढल्याच वर्षी रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्त यांनी त्यांचे तपशीलवार वर्णन केले आणि रक्त टोचून हा रोग माणसालाही देता येतो, हे सिद्ध केले. सिंटन व मलिगन यांनी त्याला नोल्स यांचे नाव दिले. उपदंशाने मेंदू ग्रासलेल्या रोग्यांना मुद्दाम हिवताप आणून बरे करण्याची पद्धत पेनिसिलिनपूर्व काळात रूढ होती. त्या उपचारासाठीही काही ठिकाणी हाच परजीवी योजला गेला. याचा अर्थ असा, की माणसाच्या देहात तो नांदू शकतो हे ज्ञान तीसेक वर्षे दप्तरात पडून होते. तो अरण्यातून स्वतःच्या पायांनी, किंबहुना डासाच्या पंखांनी, माणसापर्यंत येत असेल अशी शंका मात्र फारशी कोणी घेतली नव्हती.

आयुर्वेदाने विषमज्वराचे भेद ताप चढण्याच्या कालमानावरून केले आहेत. त्यांत दिवसातून एकदा येणारा तो अन्येद्युष्क, एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक. आधुनिक परजीवीशास्त्राची भाषा निराळी असली, तरी ‘मलेरिई’चे चक्र बहात्तर तासांचे असल्यामुळे त्याचा ताप चतुर्थक ठरतो, तर ‘नोलेसी’ तांबड्या पेशींत शिरून, वाढून, त्या फोडून बाहेर पडतो तो अवघ्या चोवीस तासांत. म्हणजे तो शुद्ध अन्येद्युष्क होय. घोटाळा होतो तो रूपामुळे. बाल्यावस्थेत हा परजीवी फाल्सिपेरमसारखा दिसतो आणि प्रौढावस्थेत मलेरिईसारखा. मलेरिई हा स्वभावाने सौम्य, रक्तात तुरळक आढळणारा. नोलेसी मात्र दर दिवशी आपली संख्या वाढवीत जातो आणि उपचारास विलंब झाल्यास रोग्याचा प्राण घेऊ शकतो. म्हणून येथे नावाची चूक ही केवळ कारकुनी चूक राहत नाही.

मोजणीदाराच्या प्रकरणानंतर साहजिकच पहांगच्या त्या परिसरात तपास झाला. अकराशेहून अधिक ग्रामस्थांचे रक्त गोळा करून ते माकडांना टोचण्यात आले; एकाही माकडाला नोलेसीची बाधा झाली नाही, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचा निष्कर्ष आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत सांगायचा तर ‘निरंक’ असा निघाला. त्यानंतर तीन दशके माकडांचा हिवताप माणसात येणे ही विरळा घटना मानली गेली. त्या विशिष्ट वेळी, त्या विशिष्ट गावांत तो सापडला नाही एवढाच निरंकाचा मर्यादित अर्थ होता. परंतु वैद्यकाने त्याचा विस्तार साऱ्या मुलखावर केला. रोगांच्या नकाशाविषयी माझे म्हणणे येथूनच सुरू होते. नकाशावर जी जागा कोरी दिसते ती रोगमुक्त असेलच असे नाही. पुष्कळदा ती केवळ अनुत्तरित असते.

कोऱ्या जागेखाली काय दडले होते ते बोर्निओ बेटावर उघड झाले. सारावाकमध्ये रजांग नदीच्या काठी कापित हा विभाग आहे. इबान लोकांची लांबच लांब सामायिक घरे, डोंगरउतारावरची भातशेती आणि त्यांना वेढणारे वन असे तेथील जीवन. तेथल्या रुग्णालयात ‘मलेरिई’चे निदान झालेले रोगी मलेरिईच्या सौम्य स्वभावाशी विसंगत असे आजारी पडत आणि त्यांच्या रक्तात परजीवींची संख्याही अवाजवी असे. बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांनी सूक्ष्मदर्शकावर न थांबता परजीवीच्या जनुकांची परीक्षा केली, तेव्हा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने जगाला सांगितले, की तपासलेल्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांच्या, म्हणजे निम्म्याहून अधिकांच्या रक्तात नोलेसी होता. पुढे १९९६ सालच्या जपून ठेवलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या काढून त्यांवरील वाळलेल्या थेंबांची अशीच परीक्षा केली गेली, आणि मलेरिईच्या नावाने नोंदलेल्या त्या पट्ट्यांतही नोलेसीच आढळला. रोग नवा नव्हता. त्याची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर झाली होती.

जमिनीची नोंद करताना आपल्याकडे चतुःसीमा लिहितात; पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, असे लिहिल्यावाचून जमिनीची ओळख पटत नाही. या रोगाच्याही चार सीमा आहेत: माकड, डास, माणूस आणि अरण्य. त्या जेथे एकमेकींना भिडतात तेथेच तो संभवतो. पहिली सीमा त्यातल्या त्यात सोपी, कारण लांबशेपट्या आणि डुकरासारख्या आखूड शेपटीच्या माकडांचा वावर डोळ्यांना दिसतो. परंतु हीच माकडे नोलेसी अंगात बाळगूनही बहुधा धडधाकट असतात, त्यामुळे कोणत्या टोळीच्या रक्तात तो आहे हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही.

दुसरी सीमा आखताना संशोधकांची खरी कसोटी लागली. व्हार्टन आणि आयल्स यांनी १९६१ साली मलायाच्या किनारपट्टीत ‘अ‍ॅनॉफिलीस हॅकेरी’ नावाच्या डासात नोलेसी प्रथम शोधला. पण हा डास माणसाच्या वाटेस सहसा जात नाही, त्यामुळे माकडापासून माणसापर्यंतची कडी तुटलेलीच राहिली. कापितचा शोध लागल्यानंतर इंद्रा वैथिलिंगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कडी जोडली. सारावाकमध्ये ‘लेटेन्स’, पहांगमध्ये ‘क्रेसेन्स’, साबाहमध्ये ‘बालाबासेन्सिस’ अशी दर प्रांतात वाहकाची जात निराळी निघाली, परंतु घराणे एकच, ल्यूकोस्फायरस गटाचे. हे वनातले डास आहेत. पानगळीने झाकलेली डबकी, वाटेतली साचलेली खळगी, गाडीच्या चाकोरीत थांबलेले पावसाचे पाणी, अशा सावलीतल्या क्षुद्र जलाशयांत त्यांची पैदास होते. झाडांच्या शेंड्यांवर निजलेल्या माकडांचे रक्त जसे ते घेतात तसेच जमिनीवरील माणसाचेही घेतात. बालाबासेन्सिस तर घराबाहेर आणि दिवेलागणीच्या सुमारास चावतो. शेतावरून परतणारा शेतकरी, मळ्यातला मजूर, लाकूडतोड्या यांना त्या वेळी मच्छरदाणीचे संरक्षण असत नाही, आणि भिंतींवर फवारलेले औषध त्या डासाच्या वाटेतही येत नाही.

असा डास पकडण्याची रीत कष्टाची आहे. रात्री जंगलात पाय उघडे ठेवून बसायचे, पायावर उतरलेला डास चावण्याच्या आत नळीत घ्यायचा, आणि पुढे प्रयोगशाळेत त्याच्या लाळग्रंथी विलग करून त्यांत परजीवी आहे काय ते पाहायचे. नकाशावरच्या एका ठिपक्यामागे कोणाच्या तरी अनेक रात्रींचे जागरण असते. हे ठिपके फार थोडे असल्यामुळे कॅथरीन मोयस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली निराळा मार्ग चोखाळला. माकडे व डास यांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करून त्यांची सांगड उपग्रहांनी टिपलेल्या वनाच्छादनाशी घातली आणि त्यावरून न तपासलेल्या प्रदेशातही त्यांच्या संभाव्य वास्तव्याचे अनुमान केले. त्या कामात अस्पर्श वन आणि माणसाचा हात लागलेले विस्कळीत वन यांचा निराळा विचार केला होता, आणि हे प्राणी अस्पर्श वनापुरते मर्यादित नसून विस्कळीत वनातही त्यांना ठाव आहे, असे त्यातून दिसले.

साबाहच्या उत्तर टोकाशी कुदात परिसरात लंडनच्या संशोधकांनी मलेशियातील सहकाऱ्यांसह या सर्व सीमा एकाच वेळी मोजण्याचा उपक्रम केला. माकडांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे पट्टे बांधले, माणसांच्या हालचालींची नोंद घेतली, डास पकडले, आणि वन इतक्या झपाट्याने बदलत होते की उपग्रहाचे जुने चित्र निरुपयोगी ठरू लागले तेव्हा ड्रोन उडवून नवे चित्र घेतले. किंबर्ली फोरनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून असे दिसले, की ज्या गावांभोवती अरण्य अद्याप विपुल आहे आणि तरीही जेथे अलीकडच्या वर्षांत मोठी वृक्षतोड झाली आहे, तेथे या रोगाचे रुग्ण अधिक. वन तुटते तेव्हा माकडे उरल्यासुरल्या झाडीत आणि शेताच्या बांधावर दाटी करतात, डास त्यांच्यामागून येतो, आणि माणूस तर कुऱ्हाड घेऊन तेथे आधीच उभा असतो. चौथी सीमा माणूस स्वतःच सरकवतो आणि तिच्याबरोबर उरलेल्या तिन्ही सरकतात.

मलेशियात २०१८ सालापासून माणसा-माणसांत फिरणाऱ्या हिवतापाचा एकही स्थानिक रुग्ण आढळला नाही, ही त्या देशाच्या आरोग्यखात्याच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांची फलश्रुती होय. परंतु त्याच वर्षी तेथे नोलेसीचे चार हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. क्लोरोक्विनने आणि आर्टेमिसिनिनयुक्त औषधांनी तो बरा होतो, अट एवढीच की तो वेळीच ओळखला जावा. रोग्याला औषध देता येते; अरण्यातल्या हरएक माकडाला देता येत नाही, आणि माकडांना मारून रोग संपेल अशी कल्पना करणे अधर्म तर आहेच, पण अव्यवहार्यही आहे.

आपल्याकडे ‘माकडताप’ हा शब्द कोकणात ऐकू येतो. तो निराळा रोग. तो विषाणूमुळे होतो, गोचिडीच्या चाव्याने पसरतो आणि १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. त्याचा छडा लावण्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता, आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याने त्याची झळ सोसली. त्या रोगात माकडे स्वतः मरतात आणि मेलेले माकड हीच गावाला पूर्वसूचना ठरते. बोर्निओच्या अरण्यज्वराला असा दूत नाही. तथापि आपला मुलूख या चतुःसीमेच्या सर्वस्वी बाहेर आहे असे मानू नये. निकोबार बेटांवर लांबशेपट्या माकडे आहेत, आणि अंदमान-निकोबारमधील रुग्णांच्या रक्तात नोलेसी आढळल्याचे भारतीय संशोधकांनी २०१३ साली नोंदले आहे. त्याही आधी, १९६३ साली, निलगिरीच्या डोंगरात ल्यूकोस्फायरस घराण्यातलाच ‘अ‍ॅनॉफिलीस एलिगन्स’ हा माकडांच्या हिवतापाचा वाहक ठरला होता. तो हिवताप नोलेसीचा नव्हता. पण निलगिरी ज्या पर्वतरांगेत येतो त्याच रांगेच्या उत्तर भागाला आपण सह्याद्री म्हणतो, आणि लाल तोंडाची माकडे दोन्हीकडे आहेत.

यातून भय घेण्याचे कारण नाही. एक शिस्त मात्र घ्यावी. रोगाचा नकाशा काढणाराने कोऱ्या जागेसाठी दोन निराळे रंग वापरावेत: एक, जेथे शोधले आणि सापडले नाही त्या जागेचा, दुसरा, जेथे कोणी शोधलेच नाही त्या जागेचा. पहांगच्या तपासाला एका रंगात दोन्ही भरण्याची मुभा मिळाली, आणि पुढची तीस वर्षे कापितच्या रोग्यांचा ताप दुसऱ्याच्या नावावर चढत राहिला.