गढीवरचे शमादान तराजूत घालण्यापूर्वी

चांदीचा भाव चढला की गढ्या-वाड्यांची कपाटे उघडतात. २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाख रुपयांच्या वर गेली. अशा भावात पानाचे डबे, अत्तरदाण्या आणि तबके यांच्याबरोबर वाटणीत आलेली विलायती शमादानेही मोडीत निघणे साहजिक आहे. रावेर, सावदा, फैजपूरकडे मोड घेणाऱ्या आणि जुनी भांडी दुरुस्त करणाऱ्या आपल्या बंधूंपुढे असा माल केव्हाही येऊ शकतो. तेव्हा घाईने काटा लावू नये. या मालात दोन्हीकडून फसगत होते. कधी घेणारा बुडतो, तर कधी लाखमोलाची वस्तू भट्टीत जाते.

आधी बुडण्याचे पाहू. तीन किंवा पाच फांद्यांचे हे शमादान हातात जड लागते, पण ते वजन सगळे चांदीचे असेलच असे नाही. इंग्लंडात शेफील्डच्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचा पातळ पत्रा साच्यात दाबून बैठक आणि खांब बनवायला सुरुवात केली. आतील पोकळीत राळ भरत, आणि कधी लोखंडी सळईही घालत. समजा, असे शमादान काट्यावर दोन किलो भरले आणि वरचा पत्रा फक्त ६०० ग्रॅम निघाला. ९२५ च्या टंचाने त्यात शुद्ध चांदी ५५५ ग्रॅम. दीड लाखाच्या भावाने तिचे ८३,२५० रुपये होतात. दोन किलोचे पैसे मोजलेल्याने काय करावे? म्हणून बैठक उलटी करून पाहावी. खाली कापड चिकटवलेले असेल, किंवा बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आत भरण आहे असे धरून चालावे.

कारागिरांनी तर जास्तच जपावे. भरणाचा खांब तसाच आगीवर धरला तर राळ उकळून उसळते आणि हात भाजतो. भरण काढल्याशिवाय झाळू नये. शिशाची झाळ तर मुळीच देऊ नये. पुढे कोणी ती वस्तू तापवली की शिसे चांदीला खाते आणि खड्डे पडतात.

आता ठसे. विलायती चांदीवर चालता सिंह असेल तर माल ९२५ चा. शेजारी गावाची खूण असते. बिबळ्याचे तोंड लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, आणि मुकुट शेफील्डचा (१९७४ पर्यंत, नंतर तेथे गुलाब आला). एक अक्षर वर्ष सांगते, तर दोन-तीन अक्षरे कारागिराची. राजा किंवा राणीचे डोके असेल तर वस्तू १७८४ ते १८९० मधली, कारण ती कर भरल्याची खूण होती. फांद्या आणि वरच्या वाट्या सुट्या निघत असतील तर त्यांवरही ठसे शोधावेत. खांब एका वर्षाचा आणि फांद्या दुसऱ्याच्या असतील तर जोड नंतरचा आहे.

‘ई.पी.एन.एस.’ ही इंग्रजी अक्षरे दिसली तर आत जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा कणही नसलेली धातू, आणि वर नुसता विजेचा मुलामा. एल्किंग्टनने १८४० मध्ये या कामाचे पेटंट घेतले. कडांना तांबे दिसत असेल तर मात्र थांबावे. तो त्याही आधीचा, तांब्यावर चांदी तापवून जोडलेला शेफील्डचा पत्रा असू शकतो, आणि भट्टीत कवडीमोल असलेल्या या मालाला शौकीन गिऱ्हाईक मिळते. सिंह नाही म्हणून माल खोटा, असेही नव्हे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात सरकारी ठसा नव्हता; कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची ऑर यांसारख्या पेढ्या आपापली नावे ठोकत. तेथे टंच काढूनच पाहावा.

भट्टीत काय जाते त्याचा दाखला १९८० सालचा आहे. अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने औंसाला ६ डॉलरच्या आसपासची चांदी वर्षभरात ५० डॉलरजवळ पोहोचली. युरोप-अमेरिकेत जुन्या घरांतली भांडी ढिगांनी वितळली, आणि मार्चमध्ये भाव कोसळला. त्याच वर्षी मे महिन्यात इंदूरच्या होळकरांच्या माणिकबाग महालातले बरेच सामान सोदबी कंपनीने मोनाकोत लिलावाला काढले. यशवंतराव होळकरांनी या महालासाठी पॅरिसच्या ज्याँ पुईफोर्काकडून चांदीची भांडी घडवून घेतली होती. अशा लिलावात बोली घडणावळीवर आणि घराण्याच्या नावावर लागते. काटा तेथे कोणी आणत नाही.

म्हणून वस्तूवर कोरलेली घराण्याची मुद्रा घासून काढू नये. तेथे पत्रा पातळ होतो, आणि जाणकार नुसती फुंकर मारून ते ओळखतो. राखेने किंवा विटकरीने घासून ठसे बुजवणारे लोक अजून आहेत, त्यांना काय म्हणावे! रिठ्याचे पाणी आणि मऊ कापड पुरते. विजेचे दिवे बसवण्यासाठी भोकेही पाडू नयेत.

विकताना कायदा पाहावा. ५ एप्रिल १९७६ पासून लागू झालेल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी कलावस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे. परवाना नसेल त्याने मालकाला परवानाधारक व्यापाऱ्याकडे न्यावे. मालकाकडे जुना फोटो किंवा खरेदीची पावती असेल तर तीही बरोबर घ्यायला सांगावी. आणि जोडीतले एकच शमादान आले असेल, तर दुसरे कोणाच्या वाटणीला गेले ते आधी विचारावे.