कातडीतून बाहेर येणारी पिन: संसर्ग कसा होतो, कसा टाळायचा

रस्त्यावरच्या अपघातात नडगीचं हाड मोडलं, ते कातडी फाडून बाहेर आलं आणि जखमेत माती गेली, तर आत प्लेट बसवणं धोक्याचं असतं. मग डॉक्टर हाडात पिना घालतात, त्यांची टोकं कातडीबाहेर ठेवतात आणि बाहेरच्या सळ्यांना किंवा गोल कड्यांना जोडतात. हा एक्स्टर्नल फिक्सेटर. कड्यांची पद्धत सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. तिच्यात हाड लांबवताही येतं, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर असं चार वेळा. म्हणजे ५ सेंटिमीटरला नुसते ताणण्याचेच ५० दिवस. नवं हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. एवढे महिने या पिना टिकल्या पाहिजेत. आजचा विषय तोच आहे.

आता बघा, कातडी म्हणजे शरीराचं कुंपण. साधी जखम काही दिवसांत मिटते आणि कुंपण पुन्हा पूर्ण होतं. इथे मात्र मधोमध धातू उभा आहे, त्यामुळे भोक मिटणारच नाही. आपल्या कातडीवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बहुतेक वेळा इथला गुन्हेगार असतो. तो धातूवर चिकट थर करून बसतो. त्या थरात औषध नीट पोचत नाही. शिवाय पिन सैल झाली की कातडी ओढली जाते, पाणी सुटतं, जंतू वाढतात. जंतू वाढले की पिन आणखी सैल होते. हे चक्र सुरूच होऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

ते काम ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू होतं. ड्रिल वेगानं दाबून फिरवलं तर हाड तापतं. ४७ अंशांची उष्णता मिनिटभर राहिली तरी हाडाच्या पेशींना इजा होते, आणि मेलेल्या हाडात पिन पकड धरत नाही. म्हणून सावकाश ड्रिल करतात, थंड सलाईन सोडतात. पिनेभोवती कातडी ताणलेली राहू नये याचीही काळजी घेतात. नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड असतं, तिथे त्रास कमी. मांडीत स्नायू जाड, हालचाल जास्त, म्हणून तिथे त्रासही जास्त.

घरी काय करायचं? खरं सांगायचं तर सफाईची एकच पद्धत सर्वोत्तम आहे, असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. म्हणून दवाखान्यानुसार सूचना बदलतात. कुठे रोज, कुठे आठवड्यातून एकदा. कुठे सलाईन, कुठे अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन. तुम्हाला जी पद्धत सांगितली आहे तीच नेमानं पाळा, शेजाऱ्याची नको. काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. आधी साबणानं हात धुवा. प्रत्येक पिनेला वेगळं गॉज वापरा, नाहीतर एकीचे जंतू दुसरीकडे जातात. ड्रेसिंग ओलं झालं की बदला. हळद, तेल, राख यांतलं काहीही लावू नका. तंबाखू, विडी-सिगारेट बंद, आणि मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

‘अंघोळ करायची का?’ हा प्रश्न हमखास येतो. जखमा भरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली की स्वच्छ वाहत्या पाण्यानं करायला हरकत नाही. नंतर पिना कोरड्या करा. विहिरीत, तळ्यात उतरायचं नाही.

सुरुवातीच्या दिवसांत थोडं स्वच्छ पाणी येणं घाबरण्यासारखं नाही. पण लाली पसरतेय, दुखणं वाढतंय, पू येतोय, ताप आहे किंवा पिन हलतेय, तर त्याच दिवशी दाखवा. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खाऊ नका. लवकर आलात तर बहुतेक वेळा सफाई, विश्रांती आणि काही दिवसांच्या गोळ्या यांवर भागतं. उशीर झाला तर पिन काढावी लागते, आणि कधीकधी संसर्ग हाडात शिरतो. मग जे हाड जुळवायला फिक्सेटर लावला, तेच हाड पणाला लागतं. रोजची पाच मिनिटं पिनांकडे नीट बघा, चांगल्या उजेडात.