जुन्या संगणकाची रॅम वाढवताना



घरात नवा लॅपटॉप आला की जुना डेस्कटॉप माळ्यावर नाहीतर पलंगाखाली जातो. हिंदमाता, परळ, लालबागच्या घरांत जागा ती किती! मग कधीतरी मनात येते, की हा संगणक एखाद्या आदिवासी वसतिगृहाला द्यावा. विचार फार चांगला आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, दाखले अपलोड करणे, एमएस-सीआयटीचा सराव करणे, ही कामे मोबाइलच्या लहान पडद्यावर जिकिरीची होतात. आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप त्यांना सहज पुरतो. बहुतेक वेळा त्याची मेमरी, म्हणजे रॅम, तेवढी तोकडी पडते.

रॅम वाढवणे हे काम सोपे आहे. पण ‘चार जीबीची द्या’ एवढेच सांगून आणलेली रॅम त्या संगणकात बसेलच असे नाही, आणि बसली तरी चालेलच असे नाही. घरी ही गोष्ट लक्षात आली तर दुसऱ्या दिवशी बदलून आणता येते. संगणक जव्हार-मोखाड्याला पोचल्यावर लक्षात आली, तर तिथून एसटी आणि लोकल करून मुंबईचा बाजार गाठण्यात कुणाचा तरी पूर्ण दिवस जातो, आणि तोवर मुलांचा संगणक बंद. म्हणून जुळवाजुळव इथूनच करून पाठवावी. ती कशी करायची ते क्रमाने पाहू.

खरोखर रॅमच कमी आहे का?

संगणकात विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडा. ब्राउझरच्या तीन-चार खिडक्या आणि एखादी वर्डची फाइल उघडी ठेवून आकडा पाहा. मेमरी ८०-९० टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी निम्मीच वापरात आहे आणि ‘डिस्क’ मात्र सतत १०० टक्के दिसते, तर अडचण जुन्या हार्ड डिस्कची आहे. तिथे तेच पैसे एसएसडीवर खर्च करणे शहाणपणाचे.

याच पानावर एकूण स्लॉट किती, त्यांतले भरलेले किती आणि रॅमचा वेग किती, हेही लिहिलेले असते. ते टिपून ठेवा.

पिढी जुळली पाहिजे

कोणती रॅम चालेल हे मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठरवतात. रॅमच्या पिढ्या आहेत: डीडीआर २, डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, कारण प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच जुळत नाही. विजेचा दाबही वेगळा: डीडीआर २ ला १.८ व्होल्ट, डीडीआर ३ ला १.५, डीडीआर ४ ला १.२. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये.

साधारण अंदाज असा. कोअर टू ड्युओच्या काळातल्या संगणकात डीडीआर २ किंवा डीडीआर ३ असते. इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या आय ३, आय ५ डेस्कटॉपांत डीडीआर ३. सहाव्या पिढीपासून बहुधा डीडीआर ४. पण अंदाजावर खरेदी करू नका. ‘सीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम मदरबोर्डचे नाव आणि रॅमची पिढी दोन्ही दाखवतो. संगणक सुरूच होत नसेल तर कॅबिनेटचे झाकण उघडून जुन्या पट्टीवरचे लेबल वाचा.

लेबल कसे वाचावे

समजा, लेबलवर ‘२ जीबी, २ आर एक्स ८, पीसी३-१०६००यू’ असे इंग्रजीत छापले आहे. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर ३. ‘१०६००’ हा वेगाचा आकडा. त्याला ८ ने भागले की सुमारे १३३३ येतात, म्हणजे ही १३३३ ची रॅम. तसेच ‘१२८००’ म्हणजे १६००. शेवटचे अक्षर फार महत्त्वाचे. ‘यू’ म्हणजे साध्या डेस्कटॉपची. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. काही छोट्या किंवा पडद्यातच सगळे असलेल्या डेस्कटॉपांतही तीच लागते. ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. सर्व्हरची जुनी रॅम स्वस्त मिळते, खाचही जुळते, पण साध्या घरगुती मदरबोर्डवर ती चालत नाही. स्वस्ताईला भुलून तिच्या वाटेला जाऊ नये.

दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. त्यात बिघडत काही नाही. मात्र सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावल्या तर बोर्ड दोन्हींतून एकाच वेळी काम घेतो, आणि ते अधिक चांगले.

‘पीसी३एल’ अशी १.३५ व्होल्टची डीडीआर ३ रॅमही मिळते. ती साध्या डीडीआर ३ बोर्डवर बहुधा चालते. उलट, सहाव्या पिढीच्या ज्या थोड्या बोर्डांना ‘एल’ लागते, तिथे १.५ व्होल्टची साधी पट्टी लावू नये.

बोर्ड किती रॅम घेईल?

प्रत्येक मदरबोर्डला कमाल मर्यादा असते. इंटेलच्या एच ६१ बोर्डांना बहुधा दोनच स्लॉट आणि १६ जीबीची मर्यादा असते. त्याहून जुन्या जी ४१ ला ८ जीबीची, आणि काही बोर्डांना त्याहूनही कमी. नेमका आकडा बोर्डच्या किंवा संगणक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मिळतो.

जी ४१ सारख्या जुन्या बोर्डांची आणखी एक खोड आहे. ४ जीबीची पट्टी घेतली आणि तिच्या एकाच बाजूला आठ चिपा असल्या, तर ते तिला ओळखत नाहीत. दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली, म्हणजे लेबलवर ‘२ आर एक्स ८’ लिहिलेली पट्टी घ्यावी. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त पट्टी इंटेलच्या बोर्डवर घेऊ नये.

विंडोजही पाहा. ३२ बिटचे विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि प्रत्यक्षात साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरते. ८ जीबी लावायची तर ६४ बिटचे विंडोज हवे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अटी नुसती रॅम वाढवून पूर्ण होत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स मिंट उपयोगी पडते. त्याला ४ जीबी पुरते. अर्ज, अभ्यास आणि टायपिंगसाठी ८ जीबी भरपूर झाली. त्याहून जास्त रॅमवर देणगीचे पैसे घालण्यात अर्थ नाही.

खरेदी आणि जोडणी

संगणकाच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आपल्याला जवळ. दादरहून लोकलने ग्रँट रोडला उतरून चालत जाता येते. जाताना जुनी पट्टी बरोबर न्या आणि बोर्डचे नाव कागदावर लिहून न्या. जुनी वापरलेली रॅम घेतली तरी हरकत नाही, पण पक्की पावती घ्या आणि ‘चालली नाही तर किती दिवसांत बदलून देणार’ ते पावतीवर लिहून घ्या.

घरी आल्यावर प्लग काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. खाच जुळवून पट्टीची दोन्ही टोके दाबा. बाजूची क्लिप ‘टक्’ करून बसली पाहिजे. संगणक नुसताच बीप-बीप करत राहिला तर प्लग पुन्हा काढा, पट्टी बाहेर घ्या, सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि ती पुन्हा बसवा. सुरू झाल्यावर ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर ती पट्टी बदलून आणा.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. पावसात हिंदमाताला पाणी तुंबते हे कुणाला सांगायला नको. तळमजल्यावर जमिनीवर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये कधी पाणी शिरले असेल, तर त्यात नवी रॅम घालू नका. बोर्ड आतून गंजलेला असतो, आणि आज सुरू झाला तरी महिन्याने बंद पडू शकतो.

सगळे नीट चालले की एक शेवटचे काम करा. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: मदरबोर्डचे नाव, रॅमची पिढी आणि वेग, एकूण स्लॉट, रिकामे स्लॉट, कमाल मर्यादा आणि जोडणीची तारीख. पुढे दोन वर्षांनी वसतिगृहातल्या कुणाला रॅम बदलावी लागली, तर त्याला मुंबईला फोन करून विचारत बसावे लागणार नाही. चिठ्ठी वाचून तो नेमकी हवी तीच पट्टी मागवील.