अँटिव्हायरस व फायरवॉल : गृहसंगणकासाठी मूल्यमापन

घरगुती वापराच्या संगणकात शिरणाऱ्या उपद्रवी आज्ञावल्या ओळखून त्यांना अटकाव करणाऱ्या आज्ञावलीस अँटिव्हायरस म्हणतात. संगणक आणि जाल यांमधील माहितीची ये-जा ठराविक नियमांनुसार होऊ देणाऱ्या किंवा रोखणाऱ्या यंत्रणेस फायरवॉल ही संज्ञा आहे. पहिली यंत्रणा संगणकावर आलेली वस्तू तपासते, तर दुसरी ती येण्याच्या मार्गावर लक्ष ठेवते. दोहोंची कामे भिन्न असल्याने एकीच्या गुणवत्तेवरून दुसरीची पारख करता येत नाही, मग त्या एकाच वेष्टनात विकल्या जात असल्या तरीही.

कचेरीतील संगणकांची देखभाल करण्यासाठी जाणकार व्यक्ती नेमलेली असते. घरी हे काम घरातीलच कोणाच्या तरी वाट्याला येते, आणि त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार, आयकराची विवरणपत्रे, मुलांचा अभ्यास व अनेक वर्षांची छायाचित्रे असतात. निवड मात्र बहुधा जाहिरातीतील ‘९९ टक्के विषाणू पकडतो’ अशा एका आकड्यावरून केली जाते. हा आकडा खरा असला, तरी तो एकटा निवडीस पुरेसा का नाही, हे समजण्यासाठी विषाणू ओळखण्याची पद्धती पाहणे आवश्यक आहे.

शोधनाच्या पद्धती : वैयक्तिक संगणकांवर (आयबीएम पद्धतीच्या) पसरलेला पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी तयार केला. तो फ्लॉपी तबकडीच्या आरंभीच्या भागात वस्ती करीत असे. अशा प्रत्येक विषाणूच्या संकेतावलीतील एखादा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा नोंदवून ठेवणे व प्रत्येक फाईलमध्ये तो शोधणे, ही सर्वांत जुनी पद्धत होय. या तुकड्यास ओळखचिन्ह म्हणता येईल. ही पद्धत जलद व बिनचूक आहे. पण ज्याची नोंद झालेली नाही असा विषाणू तिला दिसत नाही. प्रत्येक नव्या प्रतीत आपले रूप बदलणारे विषाणू निर्माण झाल्यावर तर ती फारच अपुरी पडू लागली. म्हणून फाईलची रचना संशयास्पद आहे काय याचे अनुमान करणे, ती बंदिस्त जागेत चालवून पाहणे, चालू आज्ञावलीच्या वर्तनावर नजर ठेवणे (उदा., थोड्या वेळात शेकडो दस्तऐवज कुलूपबंद करू लागलेली आज्ञावली थांबविणे) व उत्पादकाच्या दूरस्थ संगणकाकडे विचारणा करणे, या पद्धतींची तिला जोड देण्यात आली.

या सर्व पद्धतींना एक तात्त्विक मर्यादा आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या निबंधात असे दाखविले की, दिलेली कोणतीही आज्ञावली विषाणू आहे किंवा नाही याचा नेहमीच अचूक निर्णय देणारी आज्ञावली रचणे अशक्य आहे. म्हणजेच प्रत्येक अँटिव्हायरस दोन प्रकारे चुकू शकतो : खरा विषाणू त्याच्या नजरेतून सुटतो किंवा निरुपद्रवी फाईलला तो विषाणू ठरवितो. एक चूक कमी करण्यासाठी संशय वाढविला की, दुसरी वाढण्याचा संभव असतो. शंभर टक्के विषाणू पकडणे अगदी सोपे आहे. त्यासाठी प्रत्येक फाईल विषाणू आहे असे सांगितले की झाले.

खोटे इशारे : जाहिरातीत सहसा न येणारी ही दुसरी चूकच घरच्या संगणकाच्या दृष्टीने अधिक विचारात घ्यावी लागते. उदाहरणादाखल, एका संगणकावर १,००,००० फाईली असून त्यांपैकी १० उपद्रवी आहेत असे मानू. अँटिव्हायरस ९९ टक्के उपद्रवी फाईली पकडतो व निर्दोष फाईलींपैकी हजारात एकीबद्दल खोटा इशारा देतो असे धरल्यास, जवळजवळ सर्व १० उपद्रवी फाईली सापडतील. पण त्यांच्याबरोबर सुमारे १०० खोटे इशारेही मिळतील. अकरा इशाऱ्यांपैकी खरा एकच. याउलट, ९५ टक्केच पकडणारा परंतु दहा हजारांत एकदाच खोटा इशारा देणारा अँटिव्हायरस सुमारे २० इशारे देईल व त्यांपैकी निम्मे खरे असतील. ज्या घरात दहा वेळा निष्कारण भीती दाखविली गेली, त्या घरात अकराव्या वेळी ‘परवानगी द्या’ या खुणेवर बोट सहज पडते. कागदावर सरस असलेली आज्ञावली प्रत्यक्षात निकृष्ट ठरते ती अशी.

खोट्या इशाऱ्याचे नुकसान केवळ त्रासापुरते नसते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या उत्पादकाच्या ओळखचिन्हांच्या नव्या संचाने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाईलच विषाणू ठरविली. परिणामी अनेक संगणक पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होत राहिले किंवा त्यांचा जालाशी संबंध तुटला. अँटिव्हायरसला संगणकात सर्वाधिक अधिकार दिलेले असतात, त्यामुळे त्याची चूकही तेवढीच महागात पडते.

चाचण्यांचे वाचन : सामान्य माणसाने स्वतः विषाणू जमवून चाचणी घेणे धोक्याचे असून त्यातून विश्वसनीय निष्कर्षही निघत नाही. हे काम स्वतंत्र प्रयोगशाळा करतात. जर्मनीतील माग्डेबुर्क येथील ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम आणि वापरसुलभता या तीन बाबींसाठी प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. येथे वापरसुलभता म्हणजे मुख्यतः खोट्या इशाऱ्यांचा अभाव. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील ‘एव्ही-कंपॅरेटिव्हज’ ही संस्था खोटे इशारे फार देणाऱ्या आज्ञावलीची श्रेणी खाली आणते. ‘व्हायरस बुलेटिन’चे प्रमाणपत्रही प्रसिद्ध आहे.

या निष्कर्षांतील लहान फरकांना मात्र अवाजवी महत्त्व देऊ नये. चाचणीत ४०० नमुने वापरले असतील, तर एक नमुना सुटल्याने पाव टक्का कमी होतो, तेव्हा ९९.५ व ९९.७५ यांतील अंतर एका नमुन्याचे असते. एकाच फेरीतील पहिल्या क्रमांकापेक्षा दोन-तीन वर्षांच्या फेऱ्यांत टिकून राहिलेली समाधानकारक कामगिरी अधिक विश्वासार्ह मानावी. जुन्या, नोंद झालेल्या नमुन्यांवरील यश व त्या आठवड्यात प्रथमच आढळलेल्या नमुन्यांवरील यश वेगवेगळे दिले असल्यास दुसरे पाहावे.

अँटिव्हायरस चालू आहे की नाही हे घरी तपासण्यासाठी ‘आयकार’ चाचणी फाईल उपयोगी पडते. ही ६८ अक्षरांची पूर्णपणे निरुपद्रवी फाईल असून ती विषाणू म्हणून ओळखावी असा उत्पादकांमध्ये संकेत आहे. ती पकडली गेली नाही तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे असे समजावे. ती पकडली गेल्याने यंत्रणेची गुणवत्ता सिद्ध होत नाही.

इतर कसोट्या : विंडोज ८ पासून (२०१२) मायक्रोसॉफ्टने ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस ऑपरेटिंग सिस्टिममध्येच अंतर्भूत केला. मॅक संगणकांतही ‘एक्सप्रोटेक्ट’ हा शोधक असतो. त्यामुळे कोणता अँटिव्हायरस घ्यावा यापेक्षा, असलेल्यापेक्षा विकतच्याने नेमके काय अधिक मिळते, हा प्रश्न आता आधी विचारावा लागतो. दुसरा अँटिव्हायरस बसविला असता डिफेंडर सामान्यतः बाजूला होतो. कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र चालविल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात व संगणक मंदावतो. जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावर एका अँटिव्हायरसचा भारही जाणवतो. म्हणून चाचणी मुदतीत रोजची कामे करून पाहणे इष्ट असते.

वर्गणीची मुदत हा दुर्लक्षित मुद्दा आहे. पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत व नूतनीकरणाची किंमत यांत पुष्कळ तफावत असू शकते. मुदत संपल्यावर नवी ओळखचिन्हे येणे थांबले, तरी पडद्याच्या कोपऱ्यातील खूण कायम राहून संरक्षणाचा आभास निर्माण करू शकते. भारतीय उत्पादनांपैकी कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात पुण्यात विकसित केलेले ‘क्विक हील’ प्रसिद्ध आहे. देशी असो वा परदेशी, कसोट्या त्याच लावाव्यात.

उत्पादकाची विश्वासार्हता हीसुद्धा कसोटीच होय. अवास्ट या उत्पादकाने आपल्या उपकंपनीमार्फत ग्राहकांच्या जालभ्रमणाची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. ही उपकंपनी २०२० मध्येच बंद करण्यात आली होती. फुकट अँटिव्हायरस घेताना उत्पादकाचे उत्पन्न कोठून येते, हे पाहण्याची आवश्यकता यावरून स्पष्ट होते.

फायरवॉल : एका इमारतीची आग शेजारच्या भागात पसरू नये म्हणून बांधलेल्या भिंतीवरून हे नाव आले. जालातून माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने येते व प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक असतो. आरंभीच्या फायरवॉल प्रत्येक पॅकेट सुटे तपासत. नंतरच्या फायरवॉल कोणता संवाद कोणी सुरू केला याची नोंद ठेवतात. आपल्या संगणकाने मागविलेले उत्तर आत येऊ देतात व न मागता आलेले पॅकेट टाकून देतात.

तिची उपयुक्तता ‘ब्लास्टर’ या कृमीच्या प्रसारावरून दिसून येते. ऑगस्ट २००३ मध्ये हा कृमी वापरणाऱ्याने काहीही न उघडता, विंडोजमधील एका दोषाचा फायदा घेऊन पोर्ट १३५ मधून संगणकात शिरे. दोषाची दुरुस्ती जुलैमध्येच प्रसिद्ध झाली होती. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉलही होती. पण बहुतेक संगणकांवर ती बंद स्थितीत असे. ऑगस्ट २००४ मधील ‘सर्व्हिस पॅक २’ने ती आपोआप चालू राहील अशी व्यवस्था केली. यावरून मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो : काहीही न बदलता फायरवॉल किती संरक्षण देते, हे तिच्यातील पर्यायांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे असते.

घरचा राऊटर अनेक उपकरणांना एकच बाह्य पत्ता वापरू देतो व त्या ओघात न मागितलेली पॅकेटे अडवितो. तथापि संगणकावरील फायरवॉल त्यामुळे अनावश्यक ठरत नाही. त्याच वाय-फायवरील दुसरे बाधित उपकरण राऊटरच्या आतच असते. लॅपटॉप रेल्वे स्थानकात किंवा उपाहारगृहात नेला की घरचा राऊटर मागे राहतो. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक उपकरणास स्वतंत्र जागतिक पत्ता मिळू शकतो, म्हणून तेथे राऊटरमधील फायरवॉल खरोखर चालू आहे का हे पाहावे लागते. विंडोजमध्ये बाहेरच्या जालासाठी ‘सार्वजनिक’ हा प्रकार निवडल्यास अधिक कडक नियम लागू होतात.

बाहेर जाणाऱ्या माहितीवरही नियंत्रण ठेवणाऱ्या फायरवॉल मिळतात. ‘अमुक आज्ञावलीस जालाशी जोडू द्यावे काय?’ असे त्या विचारतात. तत्त्वतः हे उत्तम; परंतु आज्ञावल्यांची नावे सामान्य वापरणाऱ्याला अपरिचित असतात आणि प्रश्नांची संख्या मोठी असते. शिवाय शिताफीने लिहिलेली उपद्रवी आज्ञावली ब्राउझरसारख्या परवानगी मिळालेल्या आज्ञावलीच्या आडून माहिती बाहेर नेऊ शकते. म्हणून कमी व समजेल अशा भाषेत प्रश्न विचारणारी फायरवॉल घरासाठी पसंत करावी.

मर्यादा : मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कृमीस रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणे थांबले आहे तिची भरपाई अँटिव्हायरस पुरतेपणी करू शकत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. दूरध्वनीवरून बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून एखाद्याने दूरनियंत्रणाची आज्ञावली बसवून घेतली, तर ती आज्ञावली स्वतः निर्दोष व परवानगी मालकाने दिलेली, अशा स्थितीत दोन्ही यंत्रणा बहुधा गप्प राहतात. खंडणीखोर आज्ञावलीने कुलूपबंद केलेल्या फाईली परत मिळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे संगणकापासून सुटी ठेवलेली प्रत. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने (स्थापना २०१७) बाधित संगणक साफ करण्यासाठी मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत. ती प्रसंगी चालवावयाची असून कायम पहाऱ्यासाठी अँटिव्हायरस वेगळा लागतो.