डिमरवर एलईडी लुकलुकतो? दोष बल्बचाच नसतो

सहरीला मुलं झोपलेली असतात, म्हणून आपल्या कसाऱ्यातही काही घरांत दिवा जुन्याच डिमरवर मंद करतात. तो डिमर ६०-१०० वॅटच्या पिवळ्या बल्बसाठी बनलेला. त्यावर ९ वॅटचा एलईडी लावला की भार कमी पडतो, दिवा लुकलुकतो. साध्या एलईडीतलं सर्किट त्यात तापून लवकर जातं, पैसे पाण्यात.

बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलंय का बघा. डिमरही एलईडीचाच हवा, आणि त्यावरचे किमान वॅट वाचा. किमान ४० असेल तर ९ वॅटचे चार बल्बही (३६ वॅट) अपुरे! पंख्याचा रेग्युलेटर तर बल्बला नकोच.

माझं विचाराल तर एका खोलीसाठी एवढा खर्च कशाला? अर्ध्या वॅटचा नाइट बल्ब वेगळ्या बटणावर लावा, सहरीपुरतं भागतं.