गिटारचं मोठेपण कशात? सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

गिटार घ्यायची ठरली की सल्ल्यांना तोटा नसतो. क्लासमधले मित्र, दुकानदार, कॉलेजात बँड असलेला शेजारचा दादा, सगळेच तज्ज्ञ. 'शिसवीची असेल तरच घे', 'आधी अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक', 'मोठ्या ब्रँडची नसेल तर पैसे पाण्यात'. प्रत्येक सल्ल्याला दाखला दिला जातो कुठल्या ना कुठल्या थोर वादकाचा. गंमत अशी की त्याच वादकांनी जन्मभर जवळ बाळगलेल्या गिटारी नीट पाहिल्या, तर यातले बहुतेक सल्ले टिकत नाहीत.

गैरसमज १ : थोर वादकाची लाडकी गिटार म्हणजे महागातली महाग गिटार

वस्तुस्थिती : लिलावाचे आकडे पाहिले तर असं वाटणं साहजिक आहे. कर्ट कोबेनने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात वाजवलेली मार्टिन डी-१८ई ही गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये जवळपास ४० लाख डॉलरला गेली. पण ही किंमत वाजवणाऱ्या हातांची आहे. गिलमोरने १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानातून ती घेतली, तेव्हा ती कारखान्यातून आलेली एक साधी गिटार होती.

एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तर जोडकाम होती. १९७० मध्ये त्याने अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात उचलल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिन्हींचे चांगले भाग एकत्र करून एक गिटार बांधून घेतली. गिब्सन लेस पॉलची कथा आणखी बोलकी आहे. १९५८ ते १९६० या काळातल्या 'सनबर्स्ट' लेस पॉलसाठी आज संग्राहक लाखो डॉलर मोजतात. त्या काळात मात्र या गिटारीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून गिब्सनने तिचा जुना घाट बंदच करून टाकला. पुढे १९६६ मध्ये जॉन मेयॉलबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेवर क्लॅप्टनची लेस पॉल ऐकून लोक तिच्यामागे लागले आणि १९६८ मध्ये कंपनीला ती पुन्हा बाजारात आणावी लागली. आधी वादक, मग किंमत, असा हा क्रम आहे.

सगळ्यात ठळक उदाहरण क्वीनच्या ब्रायन मेचं. फेंडर किंवा गिब्सन परवडत नव्हती म्हणून १९६३ मध्ये या शाळकरी पोराने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. मान कोरली ती जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून. त्या लाकडाला कीड लागून पडलेली भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. सूर हलवण्याच्या यंत्रणेला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग्ज बसवल्या, तिच्या दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा लावला आणि पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं वापरली. 'रेड स्पेशल' नावाची ही गिटार त्याने क्वीनच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत वाजवली. तीही प्लॅस्टिकच्या पिकने नव्हे, सहा पेनीच्या जुन्या नाण्याने.

गैरसमज २ : अकूस्टिक गिटारचा आवाज पाठीच्या आणि बाजूच्या लाकडावर ठरतो

वस्तुस्थिती : अकूस्टिक गिटारमध्ये बहुतेक काम पुढच्या फळीचं असतं. तारांची कंपनं ब्रिजमधून त्या पातळ फळीत उतरतात आणि ती फळी हवा हलवते. म्हणून ती फळी हलकी पण ताठ असावी लागते. स्प्रूस किंवा सीडरची निवड त्यासाठीच होते. फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या कशा मांडल्या आहेत, यावरही आवाज पुष्कळ ठरतो.

स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने हे १८६२ मध्येच दाखवून दिलं. त्याने पुढची फळी उत्तम स्प्रूसची ठेवली, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अलीकडे इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा सारख्या गिटारी बनवून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा होता. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डरचा काळा चष्मा चढवून ५२ वादकांनी त्या वाजवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दुर्मीळ ब्राझिलियन रोझवूडला आणि स्वस्त लाकडांना वादकांनी जवळपास सारखेच गुण दिले.

यात आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. ब्राझीलने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा मार्टिनसारखी कंपनी भारतीय रोझवूडकडे वळली. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसवी, सह्याद्रीपासून दक्षिणेपर्यंत वाढणारी. ज्या लाकडाचे पलंग आणि कपाटं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, त्याच लाकडाच्या गिटारी गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभर वाजत आहेत. शिसवी चांगलीच, पण फळी जाड आणि ठोकळ असेल तर पाठीची शिसवी ती गिटार वाचवू शकत नाही.

गैरसमज ३ : इलेक्ट्रिक गिटारही लाकडानेच बोलते

वस्तुस्थिती : इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली पिकअप असतो. चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ॲम्प ती मोठी करतो. म्हणून अशा गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर ॲम्पमधून काहीच ऐकू येणार नाही. लाकडाचा वजनावर आणि सूर किती वेळ टिकतो यावर थोडाफार परिणाम होतो, पण पिकअप कुठला, तो ब्रिजजवळ आहे की मानेजवळ, तारा कुठल्या आणि ॲम्प कुठला, यांच्यापुढे तो फिका पडतो.

अशा वेढ्यांची एकच गुंडाळी असलेला पिकअप खणखणीत वाजतो, पण आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने उलट जोडलेल्या दोन गुंडाळ्या शेजारी बसवल्या. गुणगुण एकमेकांत मिटली आणि सूर भरदार झाला. १९५७ पासून हे हम्बकर पिकअप लेस पॉलवर बसू लागले. फेंडर आणि गिब्सन यांच्या आवाजातला फरक मुख्यतः इथून येतो. थोडा फरक तारेच्या लांबीचाही आहे: फेंडरची साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस.

लेड झेपेलिनचा जिमी पेज मंचावर 'काश्मीर' वाजवायचा तो डॅनइलेक्ट्रोवर. या स्वस्त गिटारीचं शरीर लाकडी चौकटीवर दाबलेल्या भुशाचं हार्डबोर्ड ठोकून केलेलं असतं. ऐकणाऱ्यांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

गैरसमज ४ : प्रत्येक गिटार ठरलेल्या संगीतासाठी आणि ठरलेल्या पद्धतीनेच वाजवायची

वस्तुस्थिती : पेज म्हटलं की डोळ्यांपुढे लेस पॉल येते. पण लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर त्याने वाजवली ती टेलिकास्टर, आणि 'स्टेअरवे टू हेवन'मधला गाजलेला सोलोही टेलिकास्टरवरचाच. कंट्री संगीताची म्हणून शिक्का बसलेली ही गिटार. चाहत्यांनी वर्षानुवर्षं तिच्यात लेस पॉल ऐकली. मार्क नॉफ्लरची ओळख लाल स्ट्रॅटोकास्टरची, पण 'ब्रदर्स इन आर्म्स'मधला तो जड, ओलसर सूर लेस पॉलचा आहे.

विली नेल्सनची 'ट्रिगर' तर सगळे नियम मोडते. मार्टिन एन-२० ही नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार त्याने १९६९ मध्ये घेतली. क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची असते, म्हणून तिच्या फळीवर पिकच्या ओरखड्यांपासून जपणारी पट्टी नसते. नेल्सनने ती पिकने वाजवली, तीही कंट्री गाण्यांसाठी. वर्षानुवर्षं घासून आवाजाच्या गोल भोकाखाली फळीला दुसरं भोक पडलं. नायलॉनला चुंबकीय पिकअप चालत नाही, म्हणून तिच्या ब्रिजखाली कंपनांचा दाब टिपणारा वेगळा पिकअप आहे. दुरुस्त्या करत करत त्याने पन्नासहून अधिक वर्षं तीच गिटार वापरली.

जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर तो उलटी धरायचा आणि तारा फिरवून लावायचा. त्यामुळे बटणं वर गेली आणि ब्रिजजवळच्या तिरक्या पिकअपचा तिरकसपणाही उलटा झाला. जाड तारांखाली पिकअप ब्रिजच्या जवळ आला, बारीक तारांखाली लांब. त्याच्या सुरात या उलटेपणाचाही वाटा आहे.

गैरसमज ५ : आधी अकूस्टिक शिका, मगच इलेक्ट्रिक

वस्तुस्थिती : पायाशिवाय कळस नाही या न्यायाने हा सल्ला दिला जातो. पण एक दुसरीचा पाया नाही. अकूस्टिकची पहिली तार साधारण ०.०१२ इंच जाडीची असते, इलेक्ट्रिकची ०.००९ किंवा ०.०१०. इलेक्ट्रिकची मान सडपातळ असते आणि तारा पट्टीच्या जवळ असतात. म्हणजे लहान मुलाच्या किंवा नाजूक बोटांच्या माणसाच्या हाताला इलेक्ट्रिकच सोपी जाते. नायलॉनच्या तारांवरही ताण कमी असतो. ज्याला रॉक वाजवायचं आहे त्याने दोन वर्षं बोटं सोलून घेण्यात कसलंच पुण्य नाही.

'जाड तार म्हणजे दमदार सूर' हेही तसंच. स्टीव्ही रे व्हॉन ०.०१३ च्या तारा वापरायचा हे खरं. पण झीझी टॉपचा बिली गिबन्स, ज्याचा सूर भरदारपणासाठी नावाजला जातो, तो ०.००७ च्या तारा वापरतो. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या आणि पुढे सूरही खाली उतरवला. हेवी मेटलचा जड आवाज या हलक्या तारांवर उभा राहिला.

गैरसमज ६ : गिटार आपल्या संगीतासाठी नाही

वस्तुस्थिती : पट्टीवरच्या फ्रेटमुळे मींड घेता येत नाही, हा आक्षेप. पण तारेवरून धातूची कांडी सरकवली की फ्रेटचा अडसर उरत नाही. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी याच पद्धतीने गिटारवर राग मांडला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आहे; तबल्यावर आहेत माणिकराव पोपटकर. पुढे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. आणि मुंबईत तयार झालेलं हिंदी चित्रपटसंगीत गिटारशिवाय कल्पून पाहा. 'दम मारो दम'ची सुरुवातीची गिटार गायक म्हणून प्रसिद्ध असलेल्या भूपिंदर सिंग यांची आहे.

गैरसमज ७ : चांगली गिटार घेतली की काम झालं

वस्तुस्थिती : आपल्या हवेत तर अजिबात नाही. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, पुढची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा पट्टीपासून लांब जातात. उन्हाळ्यात विदर्भाच्या कोरड्या हवेत उलटं होतं. फळी आकसते आणि तडकूही शकते. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. म्हणून ओल येणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नये, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. थरांच्या लाकडाची, म्हणजे लॅमिनेटेड फळी आवाजात थोडी मागे असते, पण हवेचा मारा जास्त सोसते. शिकाऊ माणसाने तिला नाक मुरडू नये.

मानेत बसवलेली लोखंडी सळई फिरवून मानेचा बाक सरळ करता येतो, नट आणि ब्रिजची उंची कमी करता येते. याला सेटअप म्हणतात. महिन्याभरात गिटार सोडणाऱ्या कित्येकांना आपण नाचता येईना अंगण वाकडं म्हणून हिणवतो. त्यातल्या बऱ्याच जणांचं अंगण खरोखरच वाकडं असतं: तारा इतक्या उंच, की मुरलेल्या वादकालाही 'एफ' कॉर्ड धरवू नये.

तेव्हा दुकानात गेलात तर ब्रँडची पाटी शेवटी वाचा. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची बघा. अकूस्टिकला दोन ते अडीच मिलिमीटर पुरे. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार दाबून कुठे खरखर येते का ऐका. मान हातात बसते का, बसून अर्धा तास वाजवून पाहा. खिशातल्या पैशातला थोडा भाग चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घेण्यासाठी राखून ठेवा. आणि दोन गिटारींमध्ये अडलात, तर जी खाली ठेवावीशी वाटत नाही ती घ्या, भले ती स्वस्त का असेना.